उटीला नेलेला नळ

निलगिरीच्या तेलाचा वास आला की मला वाशीच्या आमच्या पहिल्या फ्लॅटमधला नळ आठवतो. ऐंशी-एक्याऐंशी साल असेल, लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही दोघं उटीला गेलो होतो. मेटॅडोर हिरवा घाट चढत होती आणि मला एकदम आठवलं, निघताना नळाला पाणी नव्हतं आणि मी तो उघडाच ठेवून आले होते, तेही मोरीच्या जाळीवर फडकं टाकून. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे मुलीच्या लग्नाचं सामान भरलेलं, आणि आमची किल्ली माझ्या पर्समध्ये. ह्यांना सांगायची हिंमत होईना. जुन्या दगडी चर्चमागे कुठलासा पक्षी टुकटुक करत होता. "काय गोड ओरडतोय बघ," हे म्हणाले. मला ते थेंब वाटले. सहा दिवस असेच गेले. परतल्यावर बॅग जिन्यातच टाकून मी काकूंचं दार वाजवलं. "पाणी?" त्या वैतागून म्हणाल्या, "तुमी गेल्यापासून थेंब आलेला नाय. टँकरवर दिवस काढतोय." उटीचा एकच फोटो उरलाय. चर्चसमोर हे हसतायत, आणि मी पायाखाली ओल आलीय का, ते बघतेय.