दुखण्याला नाव मिळालं तेव्हा
गुडगावच्या आमच्या नव्या फ्लॅटला तीन बेडरूम होत्या, हीच माझी पंचाईत. आजूबाजूला अजून क्रेन उभ्या होत्या, आणि पुण्याहून सासरच्या सगळ्यांनी दिवाळीला यायचं ठरवलं: सासू-सासरे, दीर, जाऊ, त्यांची मुलं. दिल्ली, आग्रा बघायचं आणि मुक्काम आमच्याकडे. केर-भांड्यांना बाई होती, पण सासूबाईंना स्वयंपाक घरच्यांच्याच हातचा लागायचा. आणि माझा हात तर केस विंचरायलाही वर जात नव्हता. कणीक मळली की खांद्यापासून बोटांपर्यंत ठणका लागायचा. बाहेरून मी धडधाकट. रिपोर्ट सगळे नॉर्मल.

"त्यांना काय सांगू?" नवरा म्हणायचा. "डॉक्टरने काही आजार आहे म्हटलं, तर लगेच येऊ नका म्हणून कळवतो."

मग काय, लाज सोडून मी देवाकडे आजार मागितला.

दिल्लीतल्या नव्या डॉक्टरांकडे नवऱ्याबरोबर जाताना मात्र सवयीने इस्त्रीची साडी नेसले, लिपस्टिक लावली. आमच्याकडे दवाखान्यातही नीटनेटकंच जायचं असतं. आरशात पाहिलं आणि स्वतःचाच राग आला. या बाईवर कोण विश्वास ठेवणार? लिपस्टिक पुसून टाकली.

डॉक्टरांनी मानेवर, खांद्यांवर, गुडघ्यांपाशी बोटाने दाबलं. दर वेळी मी कळवळले. मग ते म्हणाले, "फायब्रोमायल्जिया है। दर्द सच्चा है, बस रिपोर्ट में नहीं दिखता।" मला रडूच फुटलं. इतक्या दिवसांनी कुणीतरी माझ्या बाजूने बोललं होतं.

नवरा पांढराफटक पडला. "जान को खतरा?"

"अरे, बिल्कुल नहीं। पूरी तरह जाता नहीं, पर घबराने की बात नहीं। चलती-फिरती रहें, मन लगाए रखें।"

गाडीत बसल्यावर नवरा स्टीअरिंगवर डोकं टेकून रडला. तो इतका घाबरला होता हे मला ठाऊकच नव्हतं. मग डोळे पुसून त्याने तिथूनच पुण्याला मोबाइल लावला.

"आई, काही सीरियस नाही! डॉक्टर म्हणाले, मन रमलं पाहिजे. तुम्ही सगळे या, उलट बरंच वाटेल तिला."

मला ओरडावंसं वाटलं. पण इतक्या आनंदात मी त्याला कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. त्याने फोन माझ्या कानाला लावला.

"या ना," मी म्हणाले. "नक्की या."