वीतभर तळं आणि गणपतीची मुदत

माझ्या तळ्यात आजवर एकच माणूस पडला आहे, आणि ते माझे सासरे आहेत.

बुडाले नाहीत. बुडणं शक्यच नव्हतं, कारण तळं वीतभर खोल आहे. पण पांढऱ्याशुभ्र लेंग्यासकट त्या वीतभर पाण्यात बसलेला सासरा घरच्यांनी, दूधवाल्याने आणि शेजारच्या टॉवरच्या किमान सात मजल्यांनी पाहिला, की सुनेची घरात जी काही पत असते ती त्याच पाण्यात जाते. तरीही मी तळं बुजवू दिलं नाही. ते कसं, ते सांगते.

मी मूळची डोंबिवलीची. तिसरा मजला, दोन खोल्या आणि गॅलरीत चार कुंड्या. लग्न होऊन ठाण्याच्या बाळकुमला आले ते थेट बंगल्यात! सासरच्यांची इथे भातशेती होती. आता तिथे टॉवर आहेत आणि टॉवरच्या मधोमध आमचा एकुलता एक बंगला, पुढे अंगण. ते अंगण पाहून माझं डोकंच फिरलं. एवढी जमीन मी फक्त शाळेच्या मैदानात पाहिली होती. लग्नाला पाच वर्षं झाली तेव्हा मी जाहीर करून टाकलं की इथे कमळांचं तळं होणार. माहेरच्या ग्रुपवरही टाकलं, ‘यंदा गौरींना घरचं कमळ’. आईने अंगठा पाठवला आणि वहिनीने हसणारा चेहरा. त्या हसणाऱ्या चेहऱ्यानंतर माघार घेण्याचा प्रश्नच उरला नाही.

खोदकाम सुरू झालं आणि हातभर खाली ड्रेनेजचा पाइप लागला. पाइपवर माती, मातीवर सिमेंट असं करता करता पाण्यासाठी जागा उरली ती वीतभर. ती जागा बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मनातल्या मनात नव्या मोठ्या गाडीसाठी राखून ठेवली होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सासूबाई मात्र कमरेवर हात ठेवून तळ्याकडे बघत राहिल्या.

“बाय, वीतभर पान्यान कमल नाय येत. अलू लाव.”

अळू! मी आठवडाभर व्हिडिओ बघून, वहीत टिपणं काढून उथळ पाण्यातल्या वनस्पतींचा अभ्यास केलेला, आणि ह्या म्हणतात अळू! अळू मोरीच्या पाण्यावर लावतात, तळ्यात नाही, असं मी त्यांना समजावून सांगितलं. (भातशेतीत जन्म गेलेल्या बाईला पाण्यात काय उगवतं ते मी समजावलं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.)

घोडबंदर रोडच्या एका नर्सरीतून मी कमळाचा कंद आणला. ऊन किती येतं असं नर्सरीवाल्याने विचारलं, तर मी ठोकून दिलं, भरपूर! खरं तर आमच्याकडे ऊन दहा वाजता एका टॉवरमागून निघतं आणि साडेअकराला दुसऱ्या टॉवरमागे जातं. दोन्ही टॉवर आम्हीच विकलेल्या जमिनीवर उभे, त्यामुळे तक्रार करायचीही सोय नाही. कमळाला पापडाएवढी तीन पानं आली आणि मग त्याने वाढायचं मनावर घेणंच सोडलं. माझा नवरा हरेश ऑफिसला निघताना रोज विचारायचा, “काय गं, लक्ष्मी आली का बसायला?”

चिडून मी दुसरा मार्ग धरला. खाडीकडच्या नाल्यावर जांभळी फुलं डोलताना दिसायची. जलकुंभी! फुकट, सुंदर आणि जगवायला सोपी. हीच जलकुंभी कल्याणच्या बाजूला नदी गिळून बसते आणि ती काढायला यंत्रं आणावी लागतात, हे मी बातम्यांत वाचलेलं होतं. पण ते नदीचं झालं, आपलं तळं ते केवढं, असा विचार करून मी बादलीभर घेऊन आले. हरेशने बाइकवर पुढे बादली धरली आणि रस्ताभर ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून हेल्मेटची काच खाली ठेवली.

तीन आठवड्यांत तळं नाहीसं झालं. पाण्याचा थेंब दिसेना. या काठापासून त्या काठापर्यंत हिरवंगार, आणि पुढे त्याला लागून गवत. फूल मात्र एक नाही. बाबा रोज सकाळी पूजेसाठी जास्वंद तोडायला जातात. त्या दिवशी त्यांनी अंगणातून आडवा रस्ता धरला. पहिलं पाऊल गवतावर पडलं आणि दुसरं माझ्या तळ्यात.

त्यांनी तेव्हा काय काय म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही. आंघोळ करून, कपडे बदलून चहाला बसल्यावर मात्र ते अगदी शांत होते, आणि त्यांचं शांत असणं जास्त वाईट असतं.

“गनपतीपर्यंत यात फूल दिसलं तर तलं तुजं. नाय दिसलं तर सिमेंट, आनि वर माजी गारी.”

“चालेल, बाबा,” मी म्हटलं. आवाज असा लावला की जणू माझ्या पिशवीत फूल तयारच आहे. गणपतीला दीड महिना उरला होता.

आता कोणी म्हणेल, कशाला एवढा हट्ट? तर खरं सांगते. त्या घरात मला कोणी कधी काही कमी केलं नाही, पण स्वयंपाकघर आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, अंगण बाबांचं, टीव्हीचा रिमोटसुद्धा हरेशचा. ते वीतभर पाणी तेवढं माझं होतं. ते गाडीच्या चाकाखाली जाऊ द्यायला माझा जीव होत नव्हता.

तीन दिवस खपून मी जलकुंभी उपसली. मग लिलीचा कंद आणला, दुसऱ्या नर्सरीतून. सावलीत येईल ना, असं मी चारदा विचारलं.

“ताई, अंधारातपन येते,” नर्सरीवाला म्हणाला. (आणि मी पैसे दिले!)

तळ्याच्या कोपऱ्यात लिली लावली. दुसऱ्या दिवशी बघते तर त्याच कोपऱ्यात आईंनी अळूचे चार कांदे खोचलेले. माझा पारा चढला. आई, हे माझं तळं आहे, असं मी स्पष्ट सांगितलं.

“तलं तुजंच हाय, बाय,” त्या म्हणाल्या. “अलू माजं हाय.”

अळूने माझ्या रागाची पर्वा केली नाही. त्याला ना ऊन लागलं ना खोली. महिन्याभरात सुपाएवढी पानं झाली आणि माझी लिली त्याखाली कुठे गेली ते तिलाच माहीत. मी रोज सकाळी पानं बाजूला सारून आत डोकवायचे. बाबाही रोज सकाळी अंगणात येऊन गाडीची लांबी पावलांनी मोजायचे. आम्ही दोघं एकमेकांना गुड मॉर्निंग म्हणायचो.

गणपतीच्या तीन दिवस आधी मी पानं बाजूला केली, आणि आत होतं लांबट, टोकदार, फिकट पिवळं फूल! मी अशी किंचाळले की शेजारच्या टॉवरचा वॉचमन शिट्टी वाजवत आला. बाबांनी चष्मा लावला, वाकले आणि म्हणाले की हे काय कमळ नाही.

“लिली आहे, बाबा. दुर्मिळ जात आहे,” मी म्हटलं. (मी पूर्वी कधी पाहिली नव्हती, म्हणजे दुर्मिळच.)

दुर्मिळ असो नाहीतर काही असो, कमळ नाही म्हणजे नाही, असं म्हणत बाबांनी सिमेंटवाल्याला फोन लावायला खिशात हात घातला. तेवढ्यात आई पुढे झाल्या. चाळीस वर्षांत त्यांनी नवऱ्याला अंगणात उभं राहून उत्तर दिलं नव्हतं, असं हरेश नंतर म्हणाला.

“तुमी फूल बोलला व्हता. कमल नाय बोलला. फूल आयलं का नाय?”

बाबांनी फुलाकडे बघितलं. आईंकडे बघितलं. मग म्हणाले, “आयलं,” आणि हात खिशातून रिकामा बाहेर काढला.

मी आईंच्या गळ्यातच पडले. मग पानं येणार नाहीत असा, अगदी जवळून फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला: ‘अतिशय दुर्मिळ पिवळी जललिली. वीतभर पाण्यात, सावलीत, केवळ जिद्दीवर!’ मावश्यांच्या टाळ्यांवर टाळ्या आल्या. वहिनीनेसुद्धा फूल पाठवलं. पाच मिनिटांनी माझ्या आईचा फोन आला.

“अगं, ते अळूचं फूल आहे. आपल्या जुन्या चाळीच्या मोरीमागे नाही का यायचं?”

मी फोन ठेवला. सासूबाई शांतपणे वड्यांसाठी पानं खुडत होत्या.

“आई, तुम्हाला माहीत होतं?”

“मना पयल्यापासून म्हाईत. पर तुजं तलं बुजवलं असतं तर मी अलू कुटं लावलं असतं?”

फोटो मी ग्रुपवरून आजही हटवलेला नाही. हार मानणं माझ्या स्वभावात नाही. वहिनीने विचारण्याआधी त्याखाली फक्त एक ओळ घातली: ‘या दुर्मिळ जललिलीच्या पानांच्या वड्याही चांगल्या होतात.’