म्हात्रेसरांनी शब्द दिलेल्या गाड्या

म्हात्रेसर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावरच चिडून खरवईच्या आमच्या जुन्या गाड्यांच्या शेडबाहेर उभी होते. अंबरनाथच्या एका शाळेची सहल आलेली, मुलं उन्हात तळमळत होती, त्यांच्या बाई दर दोन मिनिटांनी माझ्याकडे बघत होत्या आणि संग्रहालयाच्या चाव्या नेहमीप्रमाणे सरांच्या खिशात, सर त्यांच्या घरी. आता आले की आधी चाव्या हिसकावून घ्यायच्या आणि मग चार शब्द सुनवायचे, असं मी मनात घोकत होते. शब्दसुद्धा ठरले होते. तेवढ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. "बाई, बाबा गेले हो... झोपेतच. चाव्या पाठवतोय, रिक्षा निघालीये. आज शाळेची मुलं येणार होती ना?" रिक्षा आली, मी कुलूप उघडलं आणि मुलांना गाड्या दाखवल्या. ठरवून ठेवलेले ते चार शब्द मात्र अजून घशातच आहेत.

सर मूळचे इतिहासाचे शिक्षक. निवृत्त झाल्यावर उल्हासनगरच्या एका सेठने त्यांना गाठलं. सेठचा धंदा सुट्या भागांचा. बंद पडलेल्या कारखान्याची एक भलीमोठी शेड त्याच्याकडे नुसती पडून होती आणि जुन्या गाड्यांचं संग्रहालय काढायचं त्याच्या मनात होतं. सर क्युरेटर झाले, मी त्यांची सहायक. मी मुंबईच्या एका संग्रहालयात उमेदवारी केलेली, वस्तूला हातमोजे घालूनच हात लावायचा अशा शिस्तीत वाढलेली. हे काम बाहेरून वाटतं तसं ऐटीचं नाही. इथल्या पावसाळी हवेत पत्रा गंजतो, उंदीर सीटमधला काथ्या ओढून नेतात, उभ्या गाडीचे टायर एका बाजूने बसतात म्हणून ती अधूनमधून थोडी पुढेमागे ढकलावी लागते. हे सगळं सर मनापासून करत. पण एखादा नियम पाळायचा म्हटला की त्यांच्या अंगावर काटा येई.

गाड्या विकत घ्यायची सेठची तयारी नव्हती, त्यामुळे सर त्या मागून आणत. उल्हासनगरच्या कॅम्पांतल्या गल्ल्यांत ताडपत्रीखाली झाकलेली, जांभूळला गोठ्यामागे पडलेली, विठ्ठलवाडीत चाळीच्या नळाशेजारी उभी असलेली, अशी कुठलीही जुनी गाडी दिसली की सर त्या घरात शिरायचे. चहा व्हायचा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग सर हळूच म्हणायचे, "गाडी तुमचीच आहे हो. आमच्याकडे फक्त राहायला येणार. दसऱ्याला या आणि तिची पूजा करून जा." झालं! दुसऱ्या दिवशी गाडी टोचन लावून शेडमध्ये हजर. मी म्हणायचे, "सर, दानपत्रावर सही घ्या." ते म्हणायचे, "अहो, माणूस रडत असताना पुढ्यात कागद धरायचा?" आज बाईमाणूस रडतंय म्हणून नको, उद्या बुवा आजारी आहे म्हणून नको... शेवटी मी हात टेकले. आमच्या संग्रहालयातल्या बहुतेक गाड्या निव्वळ सरांच्या तोंडच्या शब्दावर उभ्या होत्या.

दसरा म्हणजे माझ्या डोक्याला वर्षभराचा ताप. त्या दिवशी सगळी घरं आपापल्या गाडीला भेटायला यायची. झेंडूच्या माळा, नारळ, उदबत्त्या, डब्यात पुरणपोळ्या. बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. आता लिंबू ठेवलं म्हणजे ते चिरडायला हवं, आणि चिरडायला गाडी चालायला हवी. अर्ध्या गाड्यांना इंजिन धड नाही. मग सगळे मिळून ढकलायचे, आणि सर पँट वर खोचून, "अजून थोडी... अजून थोडी..." करत सगळ्यांच्या पुढे. एकदा फिकट पिवळ्या हेराल्ड गाडीवर कुंकवाचा असा डाग बसला की मी आठवडाभर कापूस घेऊन बसले, तरी तो गेला नाही. मी सरांना दाराजवळच्या पाटीपाशी नेऊन उभं केलं. "'कृपया हात लावू नये.' ही पाटी कोणी लावली?"

"मीच."

"मग?"

"ती प्रेक्षकांसाठी आहे. हे काय प्रेक्षक आहेत का, बाई?"

मी संतापाने दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ते माझ्यासाठी पुरणपोळी घेऊन आले, तीही कुठल्यातरी गाडीच्या नैवेद्यातली.

सरांचं तेरावं झालं आणि सेठचा निरोप आला. संग्रहालयाचा विमा उतरवायचा होता, त्यासाठी कुठली गाडी कोणाच्या मालकीची हे दाखवणं भाग होतं. सेठ माझ्यासमोर बसून म्हणाला, "बाई, मेरे को सीधा हिसाब मंगता है. जो घर सही करेगा उसकी गाडी अपनी. जो नहीं करेगा वो गाडी लेके जाए. दसरे के पहले." मी सरांच्या खुर्चीकडे बघितलं आणि मनात म्हटलं, घ्या, बसा आता! शब्द तुम्ही वाटलेत, निस्तरायचं मी. घरांनी सह्या केल्या नाहीत तर शेड रिकामी होणार होती. सरांनी सगळी वर्षं ज्यासाठी पायपीट केली ते एका महिन्यात मोडणार, आणि मोडायचं काम माझ्या हातून होणार.

मी सह्या घ्यायला निघण्याआधीच जांभूळचे पाटील जीप न्यायला टेम्पो घेऊन दारात उभे राहिले. मी समजावायला लागले तसे ते म्हणाले, "सरांनी सांगलेलं, गारी तुमचीच हाय. सर होतं तवर ठीक होतं. आता सर नाय, मंग गारी कनाला ठेवायची हितं? तुमाला आमी ओळखत नाय." शेवटचं वाक्य तोंडात मारल्यासारखं लागलं. इतकी वर्षं त्या जीपचा गंज मी खरवडला होता, पण पाटलांच्या घरी चहाला मी एकदाही गेले नव्हते. जीप गेली. पुढे कळलं, ती पुन्हा गोठ्यामागेच उभी आहे आणि तिच्यात कोंबड्या बसतात.

मग मी घरोघर फिरले. जाईन तिथे सरांचा नवा प्रताप कानावर येई. आम्ही समजत होतो त्याहून कितीतरी जास्त शब्द या माणसाने देऊन ठेवले होते. एका घराला नातीच्या लग्नात वरात त्याच गाडीतून काढायची होती, सर हो म्हणाले होते. कॅम्पातल्या मोहिनीआंटी दर गुरुवारी थर्मास घेऊन येऊन नवऱ्याच्या अँबॅसडरच्या मागच्या सीटवर तासभर बसत. मला वाटायचं, बाईंना दुसरं काम नाही. त्या म्हणाल्या, "बेटा, सरने बोला था, गाडी में बैठने का टिकट नहीं लगेगा. साइन करूँगी तो टिकट लगेगा क्या?" मी नाही म्हटलं. आणि बाहेर पडताना लक्षात आलं, मीही शब्द देऊन बसले होते.

विठ्ठलवाडीच्या कदमबाईंकडे मात्र मला बसावं लागलं. त्यांच्या यजमानांची पद्मिनी आमच्याकडे आहे. शनिवारी संध्याकाळी शेड बंद करण्याआधी सर त्या गाडीत बसून दोनदा हॉर्न वाजवत. दर शनिवारी. मी कितीदा तरी त्यांच्यावर खेकसले होते, एकदा तर पाहुण्यांच्या देखत. ते हसून म्हणायचे, "बघतोय, चालतो का ते." कदमबाईंनी सगळं सांगितलं. यजमान आठवडाभर बाहेरगावी गाडी चालवत आणि शनिवारी परतले की गल्लीच्या तोंडाशी दोनदा हॉर्न देत. गाडी देताना बाई म्हणाल्या होत्या, तेवढा हॉर्न चालू ठेवा. "इथपर्यंत ऐकू नाही येत हो," त्या म्हणाल्या, "पण वाजला असेल, हे माहीत असायचं... आता वाजवतं का कोणी?" मला खोटं बोलवेना. सर गेल्यापासून हॉर्न वाजला नव्हता. सरांचा मला इतका राग आला, इतका राग आला! एका शब्दाने सांगितलं असतं तर मी खेकसले असते का? रस्त्यावर येऊन मी रडले. ते रागाने की कशाने, अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर दानपत्रं मी बाजूला ठेवली आणि दुसरा कागद तयार केला. गाडी घराचीच राहील, संग्रहालय ती सांभाळेल, आणि त्याखाली प्रत्येक घराला सरांनी कबूल केलेलं सगळं : वरात, हॉर्न, गुरुवारची सीट, दसऱ्याची पूजा. वाचून सेठने कपाळावर हात मारला. "ये म्यूझियम है या हॉस्टेल?" मी म्हटलं, "सेठ, पाहिजे तर रिकामी शेड घ्या." विमा कंपनीला असा कागद चालतो हे मी आधीच विचारून ठेवलं होतं. सेठ बराच वेळ पुटपुटत राहिला आणि शेवटी त्याने सह्या केल्या. जीप आणि आणखी एक गाडी तेवढी गेली. बाकीच्या राहिल्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी म्हात्रेकाकू आल्या, सरांच्या पत्नी. मुलगा सरांची स्कूटर हाताने ढकलत मागून येत होता. सीटवरचं रेक्झिन फाटलेलं, आरशाला सुतळी, पुढच्या कप्प्यात कापूर आणि कसलंसं फडकं. काकू म्हणाल्या, "ही तुमच्याकडे राहू दे. घरात बघवत नाही आणि भंगारात देववत नाही." मी कागद काढला. घराच्या माणसाचं नाव लिहायची जागा आली, तिथे मी त्यांचं नाव लिहायला पेन टेकवलं तर त्यांनी माझा हात धरला.

"माझं नको. यंदा आम्हाला सण नाही, मी पूजेला येऊ शकत नाही. पुढच्या वर्षी मला येववेल की नाही, ठाऊक नाही. तुमचं नाव लिहा."

"काकू, माझं कसं? मी घरची नाही."

"रोज घरी येऊन तुमचंच गाऱ्हाणं सांगायचे. आज बाई अशा चिडल्या, आज बाई तशा चिडल्या. जेवताना दुसरा विषय नाही. तेवढं तर मी चिडले तरी मनाला लावून घेत नसत... लिहा."

मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये नेहमीचा गोंधळ झाला, माळा, नारळ, ढकलाढकली. सगळ्यांचं आटोपल्यावर मी हातमोजे काढून ठेवले, स्कूटरच्या हँडलला झेंडूची माळ घातली आणि पुढच्या पत्र्यावर बोटाने हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं. मला ते नीट जमलं नाही, एक पाय वाकडाच आला. हळदीचा डाग पत्र्यात मुरणार, हे मला पक्कं माहीत होतं. तरी पुसला नाही.