उशीर नेमका कुणाचा?

"दीदी, या माणसाला तुम्ही पेनल्टी लावणार की नाही?"

दत्तसाहेब खुर्ची मागे सारून उभे राहिले होते. भिंतीवरच्या स्क्रीनवर वेळ संपली होती आणि त्यांच्या टेबलावर अजून दोन डाव शिल्लक होते. ज्यांच्याकडे त्यांनी बोट केलं होतं, ते सान्यालबाबू समोरच्या पत्त्यांकडे बघत होते.

मी ब्रिजच्या स्पर्धांची डायरेक्टर आहे. डायरेक्टर म्हणजे पंच. विमा कंपनीच्या बदलीने कोलकात्याला आले, निवृत्त झाल्यावरही इथेच राहिले आणि हे काम करू लागले. त्या दिवशी दक्षिण कोलकात्यातल्या एका क्लबात टीम स्पर्धेची सेमीफायनल होती.

टीम म्हणजे दोन जोड्या. एक जोडी या खोलीत खेळते, दुसरी त्या खोलीत, आणि दोन्हीकडे तेच पत्ते असतात. शेवटी दोन्ही खोल्यांचे निकाल ताडून पाहतात. त्यामुळे एक टेबल रेंगाळलं की सगळेच अडकतात. म्हणून वेळ ठरलेली असते. ती ओलांडली की टीमचे पॉइंट कापले जातात. कोणाचा दोष ते कळलं नाही, तर दोघांचे सारखेच.

सकाळच्या सत्रातला तो पहिलाच उशीर होता. मी दोन्ही टीमना ताकीद देऊन उरलेले डाव पूर्ण करायला लावले. दत्तसाहेबांना ते पटलं नाही.

"दोघांना कशाला? हळू कोण खेळतंय ते आंधळ्यालाही दिसतंय."

दिसत होतं खरं. सान्यालबाबूंना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात चालत नाही. पत्ते लाकडी स्टँडमध्ये उभे करून ते डाव्या हाताने एकेक काढतात. बराकपूरहून लोकलने येतात, पार्टनर त्यांच्या पत्नीच. माझ्याही मनात आलं, उशीर त्यांचाच असणार.

जेवणाच्या सुट्टीत क्लबचे सेक्रेटरी घोषदा मला बाजूला घेऊन गेले.

"दुपारी पुन्हा उशीर झाला तर सान्यालना पेनल्टी लावून मोकळ्या व्हा. बॅनरवर कोणाचं नाव आहे ते पाहिलंत ना?"

बॅनरवर दत्तसाहेबांच्या हावड्यातल्या कारखान्याचं नाव होतं.

"पाहिलं. आणि दुपारी मी स्वतः त्या टेबलाशी बसणार आहे," मी म्हणाले.

याला आम्ही मॉनिटर करणं म्हणतो. पंच टेबलाशी बसून वेळ कोण घेतंय ते बघतो. बाकीची टेबलं सहायकाकडे सोपवली, खुर्ची ओढली आणि फोनचं स्टॉपवॉच मांडीवर ठेवलं. चौघांनाही कशासाठी बसलेय ते सांगितलं.

पहिल्याच डावाला कळायला लागलं. सान्यालबाबूंचा हात हळू होता, डोकं हळू नव्हतं. पाळी येण्याआधीच त्यांचं ठरलेलं असायचं. पत्ता काढायला क्षणभर जास्त लागायचा, एवढंच. खरा वेळ जात होता डाव संपल्यावर. पुढच्या डावाचे पत्ते ट्रेमध्ये तसेच पडलेले आणि दत्तसाहेब आपल्या पार्टनरला विचारतायत, "तुषार, मी राजा आधी टाकला असता तर?"

तुषार मानधन घेऊन खेळणारा चांगला खेळाडू. दत्तसाहेबांनीच त्याला टीममध्ये घेतलेलं. त्यामुळे तो नाही म्हणू शकत नव्हता. समजावून सांगायचा. मग दुसरा प्रश्न यायचा.

"दत्तसाहेब, चर्चा मॅच संपल्यावर. पुढचे पत्ते काढा," मी म्हणाले.

"दोन मिनिटांनी काय होतंय?"

"ही तुम्हाला ताकीद आहे."

एक डाव शांततेत गेला. मग पुन्हा राजा, पुन्हा राणी.

सान्यालबाबूंनीही एकदा मला घाम फोडला. तेरापैकी बारा हात करायची बोली त्यांनी लावली होती आणि मध्येच ते विचारात बुडाले. घड्याळ चाललं होतं. मनातून मी म्हणत होते, खेळा हो, खेळा. पण स्टॉपवॉच थांबवलं नाही. बोली त्यांनी पूर्ण केली. वेळ मात्र फार घेतला.

टेबल पुन्हा उशिरा संपलं. पत्त्यांच्या हिशोबाने दत्तसाहेबांची टीम दोन पॉइंटनी पुढे होती. मी निर्णय सांगितला. उशिराचा मोठा वाटा त्यांचा, म्हणून त्यांचे चार पॉइंट वजा. सान्यालबाबूंच्या टीमचा एक वजा. म्हणजे सान्यालबाबू एका पॉइंटने फायनलमध्ये.

दत्तसाहेब लाल झाले. "मी अपील करणार!"

"तो तुमचा हक्क आहे."

घोषदा माझ्याकडे न बघता तीन ज्येष्ठ खेळाडूंची अपील समिती जमवायला गेले. समितीसमोर दत्तसाहेब ठामपणे म्हणाले, "आम्ही फारसं बोललोच नाही. मॅडमना त्या गृहस्थांची दया आली."

मी माझी बाजू सांगितली. मग समितीच्या अध्यक्षांनी तुषारला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

तुषारने दत्तसाहेबांकडे पाहिलं. त्याचं काम या माणसाच्या हातात होतं.

"बोललो सर," तो म्हणाला. "जवळजवळ प्रत्येक डावानंतर. ताकीद दिल्यावरसुद्धा."

अपील फेटाळलं गेलं.

सान्यालबाबू बाहेर जिन्यापाशी उभे होते. आभार मानतील असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, "माझा एक पॉइंट कशाबद्दल?"

"ती बारा हातांची बोली."

त्यांनी थोडा विचार केला. "बरोबर आहे. मी स्लो आहे, मला माहीत आहे. पण लोक म्हणतात तेवढा आहे का, हे मला कुणीतरी मोजून सांगायला हवं होतं." मग पत्नीला म्हणाले, "चला, गाडी चुकेल."

दुसऱ्या दिवशी फायनल ते सपाटून हरले. वेळेत हरले.

तुषारला दत्तसाहेबांनी पुन्हा बोलावलं नाही. तो आता दुसऱ्या टीमकडून खेळतो. पुढच्या वर्षी बॅनर दुसऱ्या कोणाचं होतं आणि जेवणाऐवजी चहा आणि शिंगाडे, म्हणजे इथले सामोसे, मिळाले. स्पर्धा झाली. घोषदांनी मलाच बोलावलं.

नवीन डायरेक्टरांना मी एवढंच सांगते. वेळेची तक्रार आली की तक्रार करणाऱ्याचं ऐकून घ्या आणि त्याच्याच टेबलाशी जाऊन बसा. विचार करणारा माणूस सगळ्यांना दिसतो. बोलण्यात गेलेला वेळ बोलणाऱ्याच्या लक्षात येत नाही.