तुरीच्या आड थांबलेली जीप

आई "येतो" म्हणाली आणि तिचा विचार बदलायच्या आत मी पिशवी भरली. शेलूबाजारला मावशीच्या नातीचं बारसं होतं. हसलं, शिंकलं की आईला लघवीचा थेंब सुटतो, म्हणून तिनं लग्नं-बारशी सोडून दिली होती. हे फक्त मला माहीत. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायची, "हे काय डॉक्टरले सांगाची गोष्ट हाये का?"

आमच्या इंझोरीहून मंगरूळपीर आणि तिथून शेलूबाजार, दोन्हीकडे जीप मिळते. भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून सकाळीच निघा. मंगरूळपीरला गरम आलूबोंडा खा, सोबतची मिरची सांभाळून.

आमच्याकडच्या बायका प्रवासाच्या दिवशी पाणी पीत नाहीत, नुसती चूळ भरतात. मी घरातली पहिली पदवीधर! मंगरूळपीरला दुसरी जीप भरेपर्यंत आतल्या सगळ्या बायकांना सांगितलं, पाणी तोडलं की त्रास वाढतो. आणि आदर्श म्हणून अख्खी बाटली प्यायले.

मंगरूळपीर मागे पडलं न पडलं तोच आदर्श उसळ्या मारू लागला.

"गजूभाऊ, थांबवा!"

"काहून? मळमळून राह्यलं का?" ड्रायव्हरनं विचारलं.

"हो," मी खोटंच सांगितलं.

मी उतरले, तर मागून सगळ्याच बायका उतरल्या. एकीला तुरीच्या शेंगा पाहायच्या होत्या, एकीला मोबाइलची रेंज हवी होती. बांगड्या विकणाऱ्या शबानाचाची "जरा हवा खाऊ" म्हणाल्या. दोन मिनिटांत तुरीच्या आड सगळ्यांची भेट झाली.

"काय वं बेटी, झाली का उलटी?" चाचींनी शेजारून विचारलं.

"तुमची हवा खाऊन झाली का?"

"काय सांगू! शिंक आली का मी पाय आवळतो. बांगड्या भरताना गिऱ्हाइकाले हसवतो, पण सोता हसत नाही."

"मले रातभर उठा लागते," शेंगावाली म्हणाली. "सासूले वाटते, मी फोनवर बोलतो."

आई हळूच म्हणाली, "मले वाटे मी एकटीच हाये."

"एकटी? अवं ताई, मागं वळून रांग तं पाह्य!"

आई खो खो हसली. मग किंचाळली, "हसवू नका वं, गेलं नं!" त्यावर तर सगळ्यांचंच गेलं.

रस्त्यावरून गजूभाऊ ओरडला, "बायाहो, सगळ्याईलेच मळमळलं का?"

बारशाला आई मागच्या दाराजवळ न बसता थेट पाळण्याशेजारी बसली. मधेच उठून गेली, परत आली. पुन्हा पाळण्याशीच बसली.

घरी येऊन विचार करते आहे. हा त्रास इतका घरोघरी, आणि त्यापायी झोप, हसू, माहेर सगळं सोडायचं, पण बोलायचं मात्र नाही? माझ्या भाषणानं काही झालं नाही. झालं ते त्या रांगेत.

मंगरूळपीरच्या दवाखान्यात बाई डॉक्टर बसतात, हे चाचींनीच सांगितलं. आईनं काल स्वतः गजूभाऊला फोन करून सोमवारची जीप ठरवली. गल्लीतल्या बायकांनी ती भरूनही टाकली.

मी म्हटलं, "आणि मी?"

"तुले काय झालं? तू घरी राय, सैपाक कर."