मामंजींची कवळी

सासऱ्यांचं हसणं बंद करायचं, एवढ्या एका इच्छेवर ही बाई कारागीर झाली. लोक आवड, ध्यास असलं काहीबाही सांगतात. हिच्याकडे राग होता आणि तो तिने नीट सांभाळून ठेवला होता.

मुलगी कॉलेजात जायला लागली तेव्हा तिने जेवताना सांगून टाकलं, की गल्लीच्या टोकाला कवळ्या बनवायचा कारखाना आहे, तिथे मी शिकायला जाणार. मामंजी घास तोंडात ठेवूनच हसले. त्यांचं हसणं म्हणजे डोकं मागे, तोंड उघडं आणि सगळे दात बाहेर.

"शर्टाचं बटण धड लावता येत नाही हिला, आणि ही लोकांच्या तोंडात दात बसवणार!"

नवरा हसला, मुलगीही हसली. मुलीचं हसणं तिला जास्त लागलं, पण तेही तिने मामंजींच्याच खात्यावर टाकलं.

कारखान्याच्या मालकाला सगळे उस्ताद म्हणत. आधी बरेच महिने तिने प्लास्टरची भांडी घासली. मग मेणात दात लावायला मिळाले, तर तिने ते खिडकीत ऊन येतं तिथेच ठेवले. जेवून येईपर्यंत सगळे दात घसरून एका कडेला गोळा झाले होते. पुढे साचा फोडताना आतली कवळीच फुटली. आणि एका मास्तरांना दिलेल्या कवळीतून ते बोलले की शिट्टी वाजायला लागली. उस्ताद दर वेळी एवढंच म्हणायचे, "बिघडलं ना? मग परत करा."

घरी ती हे फक्त नवऱ्याला सांगायची, आणि नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. शिट्टीची गोष्ट मामंजींनी येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतः शिट्टी वाजवून ऐकवली. तेव्हा मात्र ती खचली. कामावर जायचं बंद केलं, घरात कपडे वाळत घालत बसली. एक दिवस मामंजींनी विचारलं, "उतरलं का दातांचं भूत?" आणि हसले. दुसऱ्या दिवशी उस्ताद कुलूप उघडायला आले, तर ती त्यांच्या आधी दारात उभी. नवऱ्याला कामातलं काही सांगणं तिने तेव्हापासून सोडलं.

वर्षं गेली, हात बसला. डॉक्टर तिच्याकडूनच काम करून मागायला लागले. इकडे मामंजींचे दात एकेक करून गेले, आणि एके दिवशी त्यांच्या तोंडाचा ठसा तिच्याच टेबलावर येऊन पडला. नाव वाचून तिला जो आनंद झाला तो काही चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता.

वरचा ओठ आतून एका बारीक पडद्याने हिरडीला जोडलेला असतो. त्याच्यासाठी कवळीच्या कडेला खाच ठेवावी लागते. ती खाच तिने बुजवून टाकली. खाताना, बोलताना काही होणार नव्हतं. तोंड फाडून हसलं, की कवळी सुटणार. डॉक्टरांनी चावायला लावलं, बोलायला लावलं आणि ठीक म्हणाले. दवाखान्यात खदाखदा हसतंय कोण?

घरी पहिल्याच हसण्याला वरची कवळी ताटात पडली. त्यानंतर मामंजी ओठांवर हात धरून नुसते हुंकारायचे. त्या दिवसांत तिला साधं पाणीसुद्धा गोड लागत होतं.

मग एकदा ते वैतागून म्हणाले, "कुठल्या गाढवाने केली ही कवळी?"

नवऱ्याला उस्ताद रस्त्यात भेटले होते, त्यांच्याकडून त्याला कळलं होतं. त्याच्याने राहवलं नाही. "हिनेच केलीय."

मामंजी अंगठ्याने कवळी वर दाबून धरून पोटभर हसले. "तरीच! मी काय सांगत होतो?"

"जाऊ दे गं आई, होतं असं," मुलगी हळूच म्हणाली.

त्या कीव करण्याने ती जळून खाक झाली. आजवर बिघडलं ते चुकून बिघडलं. हे तिने मुद्दाम बिघडवलं होतं, आणि त्यानेच म्हातारा खरा ठरला होता. खरं सांगायचीही सोय नव्हती. मुद्दाम खोट ठेवणाऱ्या बाईला उस्तादांनी दारात उभं केलं नसतं.

सकाळी पेल्यातली कवळी कुणाला न विचारता रुमालात बांधून ती घेऊन गेली. खाच कोरली, कडा घासल्या, पॉलिश केलं आणि जेवायच्या वेळेला मामंजींच्या पुढ्यात ठेवली.

"लावा."

त्यांनी लावली.

"आता ती शिट्टीची गोष्ट सांगा. तिला फार हसता तुम्ही."

मामंजींना सांगायचा मोह आवरला नाही. मास्तर आले, शिट्टी वाजली, आणि सवयीने डोकं मागे गेलं, तोंड उघडलं, सगळे दात बाहेर आले. कवळी जागची हलली नाही.

"आई, किती छान बसलेत," मुलगी म्हणाली.

मामंजी हसता हसता थांबले. त्यांनी दातांवरून जीभ फिरवली.

"थांबलात का, मामंजी? हसा की. कितीही हसलात तरी पडायचे नाहीत. मी केलेत."

त्यांनी तोंड मिटलं. तिने त्यांच्या ताटात आणखी वाढलं आणि समोर बसून ते चावताना बघत राहिली.