वहिनीचा उजवा डोळा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील तर ते माझ्या वहिनीचे, म्हणजे थोरल्या भावाच्या बायकोचे. आईवडिलांचा पूर्ण मान ठेवून मी हे लिहितो आहे.

आमच्या घरात तिच्याआधी सातवीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. भीमेच्या पलीकडच्या, कर्नाटकातल्या एका खेड्यातून ती मंद्रूपला लग्न होऊन आली तेव्हा मी तिसरीत होतो. ती दहावी पास होती, पण कन्नड शाळेतून. ‘माझा साडी’, ‘तुमचं शाळा’ असं बोलायची आणि आम्ही हसायचो. संध्याकाळी मी चुलीजवळ बसून मोठ्यानं वाचायचो. भाकरी थापता थापता ती माझ्या पुस्तकात डोकावायची आणि अक्षरं ओळखायची. तिसरीचं पुस्तक आम्ही दोघांनी मिळूनच संपवलं म्हणा ना. चौथीच्या सहामाहीला ती माझ्याच चुका काढायला लागली. गणित मात्र कन्नडमध्ये पुटपुटत सोडवायची आणि उत्तर मराठीत सांगायची. मी एवढासा पोरगा, तरी मला ‘भावजी’ म्हणायची. “भावजी, तुमी हातचा विसरलाव की.”

बारावी झाल्यावर वडील म्हणाले, आता पुरे, शेतात माणूस कमी पडतंय. वहिनी दाराआडून म्हणाली, “मामा, माणूसच कमी पडतंय न्हवं? मी हाय की.” त्या वर्षापासून माझ्या वाट्याची खुरपणी आणि पाणी पाजणं तिनं केलं, आणि मी सोलापूरला कॉलेजात गेलो. आज मला सरकारी नोकरी आहे. जुळे सोलापुरात घर आहे. मागच्या दिवाळीत गाडी घेतली, छताला काच असलेली. ती बघून दादा म्हणाला होता, “आमच्या पत्र्याला भोक पडलं की आमी डांबर लावतो. तू इकतच भोक आणलास व्हय?” सगळे हसले. मीही हसलो.

आता पुढचं सांगायला हवं.

वहिनीचा डावा डोळा लहानपणी काडी लागून अधू झाला होता. तिचं सगळं बघणं उजव्या डोळ्यावर. पन्नाशी गाठायच्या आतच त्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवणारी ही बाई सुईत दोरा ओवायला शेजारच्या पोरींना हाक मारू लागली. यंदाच्या उन्हाळ्यात मी तिला सोलापूरला आणलं आणि ऑपरेशन करवून घेतलं. ते चांगलं झालं. तिसऱ्या दिवशी तपासणीच्या वेळी तिनं भिंतीवरच्या पाटीवरची खालून दुसरी ओळ वाचली तेव्हा मला रडू आलं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि बजावून सांगितलं: डोळा चोळायचा नाही, पंधरा दिवस डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, बाहेर चष्मा काढायचा नाही. मी ते वहीत लिहून घेतलं.

दादाची त्या दिवशी कॅनॉलच्या पाण्याची पाळी होती, म्हणून वहिनीला मंद्रूपला सोडायला मी एकटाच निघालो. गाडी सकाळपासून दवाखान्यासमोर उन्हात उभी होती. दार उघडलं तर आत भट्टी. आमच्याकडं उन्हाळ्यात घर तापलं की पत्र्यावर पाणी मारतात. लहानपणी ते काम माझंच असायचं. मी समोरच्या हॉटेलातून थंडगार पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या आणल्या आणि गाडीच्या छतावर ओतल्या. काचेवरचं पाणी बघता बघता वाळून गेलं.

वहिनी हसली. “भावजी, पत्रा हाय व्हय त्यो?”

“बसा तर खरं,” मी म्हणालो. “गार होईल आता.”

विजापूर रोडवरची घरं मागं पडली. एसी चांगला लागला होता. पुढच्या सीटवर बसलेल्या वहिनीच्या दुकानांच्या पाट्या वाचून झाल्या होत्या, आता ती किलोमीटरचे दगड वाचत होती. मला फार बरं वाटत होतं. ते बरं वाटणंच नडलं. मी म्हणालो, “वैनी, वर बघा, गंमत दाखवतो,” आणि छताच्या काचेखालचा पडदा मागं सरकवला. तिनं वर बघितलं. मग काळा चष्मा कपाळावर चढवला. ते मी बघितलं. चष्मा काढायचा नाही, हे मीच वहीत लिहून घेतलं होतं. मी काही बोललो नाही.

“भावजी, आबाळ एवढं निळं असतंय?” ती म्हणाली. “मला वाटायचं, म्हातारं झालंय.”

तेवढ्यात धाडकन आवाज झाला. मला वाटलं टायर फुटलं. पुढच्या क्षणी वरून काचेचा पाऊस. डोक्यावर, मानेत, मांडीवर काचा. गाडी उजवीकडं गेली, समोरून येणाऱ्या ट्रकनं हॉर्न दाबून धरला. कशीबशी मी गाडी डावीकडं घेतली आणि कडेच्या मातीत थांबवली.

वहिनी तशीच बसली होती. तोंड वर, डोळे घट्ट मिटलेले, ओटीत काचेचे खडे. उजव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. दोन्ही हात तिनं हवेत धरले होते, कारण चोळायचं नाही हे तिच्या लक्षात होतं. “कण्णु, कण्णु,” एवढंच म्हणत होती. डोळा, डोळा. सत्तावीस वर्षं आमच्या घरात राहिलेल्या बाईची मराठी त्या वेळी कुठल्या कुठं गेली होती.

मी दवाखान्यात फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा लागला तर कुणीतरी म्हणालं, साहेब जेवायला गेलेत, तुम्ही होल्ड करा. मग कट. एक माणूस मोटारसायकल थांबवून जवळ आला. पाठीमागं वैरणीची पेंढी बांधलेली.

“आवो, बघत काय बसलाव? पाणी मारा की डोळ्यावर! काच धुऊन जाईल.”

गाडीतली पिण्याच्या पाण्याची बाटली माझ्या हातातच होती. डोळ्यात काच गेली तर पाणी मारावं, हे बरोबर वाटत होतं. पण डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, हे डॉक्टरांचं सांगणं होतं. मी झाकण उघडलं. परत लावलं. परत उघडलं.

“भावजी,” वहिनी म्हणाली, “काय करू सांगा. तुमी शिकलेलं हाय.”

मी पंधरा वर्षं शिकलो, तिच्या जिवावर शिकलो, आणि त्या रस्त्यावर मला एवढं सांगता आलं नाही की पाणी मारायचं की नाही. मी फक्त ‘थांबा, थांबा’ म्हणत राहिलो. तो माणूस वैतागून निघून गेला.

शेवटी मी तिला मागच्या सीटवर आडवं केलं, तोंडावर काही लागू नये म्हणून माझा शर्ट काढून डोक्याजवळ तंबूसारखा धरायला सांगितला आणि गाडी वळवली. छताच्या भोकातून गरम वारा येत होता. प्रत्येक गतिरोधकाला कडेला अडकलेली काच खाली पडायची. मी बनियनवर गाडी चालवत होतो आणि दर मिनिटाला विचारत होतो, “वैनी, आहात ना?” ती म्हणायची, “हाय. तुमी रस्त्याकडं बघा.”

डॉक्टरांनी डोळ्यातून काचेचे दोन कण काढले. एकानं बुबुळाला चरा पाडला होता आणि ऑपरेशनची जखम थोडी उघडली होती. त्यांनी टाका घातला. “सूज उतरल्याशिवाय नजर किती राहील ते सांगता येणार नाही. कदाचित पुन्हा ऑपरेशन लागेल. मी सांगेन त्या दिवशी आलंच पाहिजे.” पाणी मारायला हवं होतं का, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. मी विचारलं नाही.

रात्री दादा आला. वहिनी माझ्याआधीच बोलली. “गाडीची काच फुटली, पण मला काय लागलं न्हाय. धुरळा गेला, खाज सुटली, मीच चोळलं.”

“डागतरनं सतरांदा सांगितलं आन तू चोळलीस?” दादा ओरडला. अख्खा वॉर्ड बघायला लागला. “लहान पोर हायस का गं? ह्यानं एवढी धावपळ केली, सगळं मातीत घातलंस!”

“चुकलं की,” ती म्हणाली.

मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. दादानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी गप्प राहिलो.

गाडी दुरुस्तीच्या गॅरेजमधले लोक म्हणाले, बाहेरून खडी लागली असणार. तिथला एक म्हातारा मिस्त्री मला बाजूला घेऊन म्हणाला, “साहेब, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं होतं का? नाही, असंच विचारतो.” खडी असेल, काचेत आधीची चीर असेल, पाणीही असेल. खात्रीनं कुणीच सांगत नाही. पडदा बंद असता तर काच पडद्यावर राहिली असती, हे मात्र त्यानं खात्रीनं सांगितलं.

वहिनी दोनदा तपासणीला आली. तिसऱ्यांदा आली नाही. मी फोन केला की दादा उचलतो, फोन स्पीकरवर टाकतो, आणि लांबून तिचा आवाज येतो, “बरं हाय म्हणून सांगा.” डॉक्टर म्हणाले, या आठवड्यात आणलं नाही तर नंतर माझ्या हातात काही राहणार नाही. मी गाडी घेऊन गेलो तर ती जनावरांच्या गोठ्यातून बाहेरच आली नाही. स्पीकरवर बोलता येईना, समोर ती येईना. म्हणून मोठ्या अक्षरांत, जाड पेनानं पत्र लिहिलं आणि परवा पोस्टात टाकलं. ते असं:

“वैनी,

हे पत्र तुमचं तुम्हीच वाचा. अक्षर मोठं काढलंय. नाहीच दिसलं तर दादाला वाचायला द्या; त्यात लपवण्यासारखं मी काही ठेवलेलं नाही.

तुम्ही डोळा चोळला नाही. मी शेजारी होतो. डोळ्यात काच गेली. पडदा मी उघडला. तुम्ही चष्मा वर केलात तेव्हा मी बघत होतो आणि अडवलं नाही. तापलेल्या काचेवर गार पाणीही मीच ओतलं. काच त्यानंच फुटली असं कुणी ठाम सांगत नाही, पण नाही असंही कुणी म्हणत नाही. दादा तुम्हाला बोलला तेव्हा मी गप्प बसलो. ते काचेपेक्षा वाईट झालं.

तुम्ही दवाखान्यात का येत नाही ते मला कळलंय असं वाटतं. डोळा गेला असं डॉक्टर म्हणाले, तर भावजीमुळं गेला असं ठरेल, त्यापेक्षा न तपासलेलं बरं. माझा अंदाज चुकीचा असेल तर रागवा. बरोबर असेल तर हात जोडून सांगतो, मला वाचवायला डोळा घालवू नका. माझं शेतातलं काम तुम्ही केलंत, मी करू दिलं. हे करू देणार नाही.

डोळ्याचं काय होईल ते मला माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नाही. गुरुवारी सकाळी पहिल्या एसटीनं येतो, गाडी आणत नाही. आधी दादाशी तुमच्यासमोर बोलेन, मग आपण नऊच्या बसनं निघू. दादाला यायचं असेल तर येऊ द्या. तुम्ही नाही म्हणालात तर मी ओट्यावर बसून राहीन, रजा टाकलीय.

डोळ्यात घालायचं औषध संपलं असेल तर रिकामी बाटली टाकू नका, नाव बघायला लागेल.

तुमचा भावजी”